मूरिआच्या गोगलगायी

‘गोगलगाय आणि पोटांत पाय’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याच्या मनांत माणसाचें कपट होतें, प्राणिशास्त्र नव्हतें. तरीही त्या चार शब्दांत प्राणिशास्त्र येऊन गेलें आहे. शास्त्रज्ञांनीं या सबंध वर्गाला ग्रीक शब्दांवरून जें नांव दिलें, त्याचा अर्थ ‘पोट हाच ज्याचा पाय’ असा होतो. आपल्या परिभाषेंतही ‘उदरपाद’ हाच शब्द रूढ आहे. पावसाळ्यांत बागेच्या भिंतीवर किंवा परसांतल्या अळवाच्या पानावर, पाठीवर बिऱ्हाड घेऊन सावकाश चाललेला हा प्राणी पुष्कळांनीं पाहिला असेल. त्याच्या मागें राहणारी चकचकीत रेघही पाहिली असेल. त्यापलीकडे त्याच्याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. मुलें मीठ टाकून त्याची तडफड पाहतात, मोठीं माणसें भाजी निवडतांना त्याला उचलून फेकतात, आणि विषय तेथेंच संपतो.

अशा या उपेक्षित प्राण्याच्या सात जाती एका बेटावरील रानांतून अवघ्या दहा वर्षांत नाहींशा झाल्या. ही गोष्ट १९७७ आणि १९८७ या सालांच्या दरम्यान प्रशांत महासागरांतील मूरिआ बेटावर घडली. त्या दहा वर्षांत तेथें ज्वालामुखी फुटला नाहीं, कीं डोंगरांतल्या रानावर कुऱ्हाड चालली नाहीं. झाडें होतीं तशींच उभीं होतीं. पान उलटून पाहावें तर मात्र त्याच्या मागें कोणी नसे. याला कारण झाला तो माणसांनीं योजलेला एक उपाय. आणि तो योजणाऱ्यांचा हेतु मुळींच वाईट नव्हता.

मूरिआ हें ताहितीच्या वायव्येस सुमारें १७ किलोमीटरांवर आहे. ताहितीप्रमाणेंच तें सोसायटी द्वीपसमूहांत मोडतें आणि फ्रान्सच्या सत्तेखालीं आहे. आकार त्रिकोणी, क्षेत्रफळ सुमारें १३४ चौरस किलोमीटर, म्हणजे जुन्या मुंबई बेटाच्या जेमतेम दुप्पट. पण एवढ्याशा जागेंत तोहिएआ नांवाचें शिखर १२०७ मीटर उंच गेलें आहे. मधल्या शिखरांपासून डोंगराच्या सोंडा चोहोंकडे समुद्राकडे उतरतात, आणि दर दोन सोंडांमध्यें दाट झाडीची, ओलसर अशी एक दरी असते. ओलाव्यावांचून न जगणाऱ्या नाजुक जिवाला अशी एक दरी म्हणजे एक देश, आणि मधली उघडी सोंड म्हणजे त्या देशाची सरहद्द.

हीं बेटें समुद्राच्या तळांतून ज्वालामुखीनें वर उचललेलीं आहेत. कोणत्याही खंडाशीं त्यांचा सांधा कधीं जुळलेला नव्हता. मग तेथें गोगलगाय पोहोंचली कशी? हा प्रश्न डार्विनलाही पडला होता. खाऱ्या पाण्याचा थेंब जिला सोसत नाहीं असा सर्वांचा समज, ती महासागर ओलांडणार कशी? त्यानें एका मोठ्या जातीची गोगलगाय हिंवाळ्याच्या झोपेंत असतांना वीस दिवस समुद्राच्या पाण्यांत बुडवून ठेवली. ती सुखरूप बाहेर आली. तेव्हां तिच्या शंखाच्या तोंडावरील चुनखडीचें झांकण त्यानें काढून टाकलें. तिनें त्या जागीं पातळ पडदा तयार केल्यावर पुन्हां चौदा दिवस तिला पाण्यांत ठेवलें; तरीही ती जगली आणि चालूं लागली. तरंगत्या ओंडक्यावर, पक्ष्याच्या पिसांत किंवा वादळांत उडालेल्या पानावर बसून एखादी गोगलगाय युगायुगांतून एखादे वेळीं अशा बेटावर जाऊन पडत असली पाहिजे. बहुतेक गोगलगायी एकाच वेळीं नर आणि मादी अशा दोन्ही असतात. त्यामुळें एकच गाभण गोगलगाय पोहोंचली तरी वंश चालूं होऊं शकतो. पुढें त्या वंशाला मुख्य भूमीवरील शत्रूंची गांठ पडत नाहीं, आणि शत्रूपासून बचाव करण्याची कलाही त्याला येत नाहीं.

मूरिआ आणि ताहिती येथील या वंशाचें नांव पार्टुला. शंखाची उंची साधारण दीड-दोन सेंटिमीटर. रंग कोठें तपकिरी, कोठें पिवळट, कोठें पांढरा. कांहींवर गर्द पट्टे. दिवसा ती पानाच्या खालच्या बाजूस चिकटून झोपते, आणि रात्रीं बाहेर पडून कुजकीं पानें व झाडाच्या सालीवरील शेवाळ खाते. कोणाच्या शेताला किंवा बागेला तिचा उपद्रव नाहीं. बहुतेक गोगलगायी अंडीं घालतात. पार्टुला मात्र एका वेळीं एकच पिल्लू जिवंत जन्माला घालते, आणि तें पिल्लू पाठीवर इवलासा शंख घेऊनच येतें. सोसायटी द्वीपसमूहांत या कुळाच्या सुमारें ६० जाती नांदत होत्या. त्यांपैकीं सात पार्टुला मूरिआच्या. जगांत दुसरीकडे कोठेंही नसलेल्या.

शास्त्रज्ञांचें या जिवाकडे लक्ष गेलें, तें हवाई बेटांतील त्याच्या एका नातेवाइकामुळें. जॉन थॉमस गुलिक हा हवाईमध्यें १८३२ सालीं एका मिशनऱ्याच्या घरीं जन्मलेला मुलगा. तरुणपणीं त्यानें ओआहू बेटाच्या दऱ्यादऱ्यांतून झाडांवरच्या गोगलगायींचे शंख गोळा केले. गोळा करतां करतां त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. शेजारशेजारच्या दोन दऱ्या. दोहोंत पाऊस सारखा, झाडें तींच, खाद्य तेंच. पण शंख मात्र निराळे. हवापाण्यानें प्राणी बदलतो म्हणावें, तर येथें हवापाणी तेंच आणि प्राणी बदललेला. तेव्हां नुसतें एकमेकांपासून तुटून राहणें हेंच बदलाचें एक कारण होऊं शकतें, असें त्यानें १८७२ सालीं मांडलें. त्याच सालीं तो डार्विनलाही भेटला. पुढें त्यानें स्वतः चीन आणि जपान येथें मिशनऱ्याचें काम केलें. पण शंखांचा नाद त्यानें सोडला नाहीं.

हाच प्रश्न हेन्री एडवर्ड क्रॅम्प्टन या अमेरिकन प्राध्यापकानें पुढें चालविला. ‘चालविला’ हा शब्द येथें शब्दशः घ्यावयास हरकत नाहीं. १९०६ सालीं तो प्रथम ताहितीस गेला. त्यानंतर पुन्हां पुन्हां जात राहिला. वाटा नसलेल्या दऱ्यांतून, भर पावसांत, एकेक पान उलटून त्यानें हजारों गोगलगायी वेंचल्या. त्यांचे शंख न्यूयॉर्कला आणून प्रत्येकाची उंची, रुंदी, तोंडाचा आकार, रंग आणि पट्टे यांची नोंद केली. पोटांत पिलें असलीं तर तींही मोजलीं. आजच्या गणनयंत्रांची गोष्टच सोडा. साऱ्या सरासऱ्या हातानें काढावयाच्या. ताहितीवरील त्याचा ग्रंथ १९१६ सालीं, ग्वाम आदि मारिआना बेटांवरील १९२५ सालीं, आणि मूरिआवरील १९३२ सालीं निघाला. कोष्टकांनीं भरलेले हे जाडजूड ग्रंथ करमणुकीसाठीं कोणी उघडणार नाहीं. एका माणसानें आयुष्याचीं इतकीं वर्षें गोगलगायी मोजण्यांत घालवावीं, याचें हंसूंही येईल. परंतु क्रॅम्प्टनचा हिशेब साधा होता. जाती बदलतात हें खरें असेल, तर त्या बदलतांना पकडतां आल्या पाहिजेत. त्यासाठीं आज कोणत्या दरींत कोण आहे याची बिनचूक नोंद हवी. म्हणजे पन्नास-शंभर वर्षांनीं येणारा माणूस त्याच दरींत जाऊन ताडून पाहील.

असा माणूस खरोखरच आला. १९६० नंतरच्या दशकांत ब्रायन क्लार्क हा इंग्रज आणि जेम्स मरे हा अमेरिकन, असे दोघे मूरिआवर काम करूं लागले. पुढें मायकेल जॉन्सन त्यांना येऊन मिळाला. त्यांनीं जिवंत पार्टुला प्रयोगशाळेंत नेल्या, त्यांचीं लग्नें लावलीं आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांच्या कामांतली एक गोष्ट शंखाची पूजा करणाऱ्या घरांना विशेष कौतुकाची वाटेल.

आपल्याकडे दक्षिणावर्ती शंखाची किंमत किती, हें सांगावयास नको. लाखांत एखादा असा तो दुर्मिळ. (प्राणिशास्त्राच्या भाषेंत मात्र त्यालाच डावा म्हणतात, शंख कसा धरून पाहावयाचा, याचा संकेत दोहोंकडे उलट आहे, एवढेंच.) मूरिआच्या पार्टुलांतल्या एका जातींत डावे आणि उजवे असे दोन्ही प्रकार विपुल होते. एका भागांत सर्व डावे, दुसऱ्या भागांत सर्व उजवे, आणि मधल्या पट्ट्यांत दोहोंची सरमिसळ. शंखाचा पीळ कोणत्या बाजूचा होणार, हें पिलाच्या स्वतःच्या वारशावर ठरत नाहीं, तर जिच्या पोटीं तें येतें त्या आईच्या वारशावर ठरतें. त्यामुळें आजीकडून आलेला गुण आईंत न दिसतां नातींत दिसतो. डाव्या-उजव्यांचा समागमही सहज जमत नाहीं. आणि ही जात जेथें दुसऱ्या जवळच्या जातीच्या शेजारीं राहत असे, तेथें तिचा पीळ शेजारणीच्या उलट आढळे. जणूं परक्या कुळांत सोयरीक होऊं नये म्हणून निसर्गानें दाराची कडीच उलट्या बाजूस बसविली होती. एका जातीच्या दोन जाती कशा होतात, हा जीवशास्त्रांतला मोठा प्रश्न. तो येथें एका लहान बेटावर, हाताच्या तळव्यावर घेऊन पाहतां येण्याजोगा मांडलेला होता.

इकडे या जिवांच्या नाशाचें बीज पुष्कळ वर्षांपूर्वीं पेरलें गेलें होतें. आणि त्याची एक वाट भारतांतून गेली आहे.

पूर्व आफ्रिकेंत अकॅटिना नांवाची एक राक्षसी गोगलगाय आहे. पूर्ण वाढली म्हणजे तिचा शंख वीतभर लांब होतो. एका खेपेस ती शंभराहून अधिक अंडीं घालते, आणि हिरवें दिसेल तें बहुतेक सारें खाते. माणसानेंच तिला मादागास्करला, मॉरिशसला नेलें. विल्यम बेन्सन हा ईस्ट इंडिया कंपनीचा एक अधिकारी. त्याला शंखांचा छंद होता, आणि तो छंद साधा नव्हता. भारतांतील अनेक गोगलगायींचें पहिलें शास्त्रीय वर्णन त्याचेंच आहे. १८४७ सालीं मॉरिशसहून परततांना त्यानें या राक्षसिणी जिवंत आणल्या, आणि कलकत्त्याच्या चौरंगी भागांतील एका बागेंत त्या सोडल्या गेल्या. तेथून पुढें त्यांनीं काय केलें, हें आज पावसाळ्यांत मुंबईच्या बागवानांस विचारावें. १९०० सालीं त्या सिलोनांत होत्या, मग मलायांत, १९३० नंतर जपान्यांबरोबर प्रशांत महासागरांतील बेटांवर, १९३६ सालीं हवाईंत, आणि १९६७ सालीं ताहितींत. कोठें कोणी त्यांना खाण्यासाठीं नेलें, कोठें औषध म्हणून, कोठें शोभा म्हणून. कोठें त्या न सांगतां रोपांच्या कुंड्यांतून गेल्या.

ताहिती-मूरिआच्या लोकांची तक्रार खोटी नव्हती. परसांतला भाजीपाला रातोरात फस्त होई. रस्त्यांवर, भिंतींवर, विहिरींच्या कांठांवर जिकडे तिकडे शंखच शंख. शिवाय ही गोगलगाय उंदरांच्या फुप्फुसांतला एक कृमी वाहते आणि त्यापासून माणसाला मेंदूच्या आवरणाचा दाह होऊं शकतो. शेतकीखात्यानें कांहीं तरी केलेंच पाहिजे, असा लोकांचा आग्रह असल्यास त्यांत नवल नाहीं. कांहीं तरी करणें आणि योग्य तें करणें यांतला फरक मात्र त्या घाईंत कोणाच्या ध्यानांत राहिला नाहीं.

योजलेला उपाय असा. फ्लॉरिडा प्रांतांत यूग्लँडिना नांवाची गुलाबी छटेच्या शंखाची एक गोगलगाय आहे. ती पाला खात नाहीं. दुसऱ्या गोगलगायींना खाते. तिच्या तोंडापाशीं मिशीसारखे दोन लांब ओंठ असतात. त्यांनीं ती जमीन चाचपीत जाते, आणि दुसऱ्या गोगलगायीची चिकट रेघ लागली कीं कुत्र्यानें माग काढावा तशी त्या रेघेवरून निघते. तिची चाल भक्ष्याच्या दोन-तीन पट असते. भक्ष्य लहान असलें तर ती तें शंखासकट गिळते. आणि मुख्य म्हणजे ती झाडावर चढते. ‘पोटांत पाय’ ही म्हण खऱ्या अर्थानें कोणाला लागूं करावयाची असेल, तर हिलाच करावी.

१९५५ सालीं ही शिकारीण हवाईंत सोडण्यांत आली. राक्षसिणीचा नायनाट तिनें केल्याचा पुरावा मिळाला नाहीं. अनेक ठिकाणीं राक्षसिणींची संख्या आरंभींच्या भरतीनंतर आपोआपच ओसरते, आणि ज्या बेटांवर शिकारीण नेलीच नाहीं तेथेंही ती ओसरली आहे. उलट हवाईच्या देशी गोगलगायींचा संहार होऊं लागल्याचें शास्त्रज्ञांनीं जाहीरपणें सांगितलें. हें सारें छापून प्रसिद्ध झालेलें होतें. तरीही १९७४ सालीं तीच शिकारीण ताहितींत, आणि १९७७ सालीं मूरिआंत आणून सोडली गेली. वीतभर शंखाच्या पुरत्या वाढलेल्या राक्षसिणीशीं झुंजण्यापेक्षां दीड सेंटिमीटरची, पानाखालीं निजलेली, पळतां न येणारी पार्टुला गिळणें सोपें, एवढें गणित तिला कोणी शिकवावयास नको होतें.

एका जिवावर दुसरा जीव सोडण्याची युक्ति सर्वस्वीं त्याज्य आहे, असें मात्र म्हणतां येत नाहीं. दक्षिण भारतांत फड्या निवडुंगानें शेतेंच्या शेतें गिळलीं होतीं. १९२६ सालानंतर सोडलेल्या एका लहानशा किड्यानें तीं मोकळीं केलीं. पण तो किडा निवडुंगाखेरीज दुसऱ्या कशालाही तोंड लावीत नाहीं, हें त्या यशाचें रहस्य. यूग्लँडिनाला कोणतीही गोगलगाय चालते. दारूगोळा एकच असला तरी नेम धरून मारलेली गोळी आणि गर्दींत फेंकलेला बाँब यांत जो फरक, तोच येथें होता.

मूरिआंत पुढें काय झालें, हें पाहावयास तेथें नेमके तेच लोक होते, ज्यांना प्रत्येक दरींतली प्रत्येक जात ओळखीची होती. क्लार्क, मरे आणि जॉन्सन यांना शिकारिणीची आघाडी नकाशावर रेघ मारून दाखवितां येत होती. ती वर्षाला सुमारें १.२ किलोमीटर पुढें सरके. आघाडीच्या पुढें पार्टुला नेहमींसारख्या. आघाडीच्या मागें रिकामे शंख. जेथें क्रॅम्प्टननें शेंकडों वेंचल्या होत्या, तेथें दिवसभर शोधूनही एक मिळेना. १९८४ सालीं त्यांनीं एक लेख लिहून जगाला कळविलें, कीं हा नाश एका सरकारी योजनेंतून होत आहे आणि कांहीं थोड्या वर्षांत मूरिआवर कांहींही उरणार नाहीं. भाकित खरें ठरावयास तीन वर्षें पुरलीं. १९८७ सालच्या शोधांत त्यांना एकही जिवंत पार्टुला सांपडली नाहीं. (पुढें फार बारकाईनें पाहिल्यावर एका जातीचे तुरळक अवशेष कांहीं कोपऱ्यांत मिळाले, हेंही येथें सांगितलें पाहिजे.) पाऊणशे वर्षांचें मोजमाप ताडून पाहण्याची वेळ आली, त्याच क्षणीं ताडून पाहावयाची वस्तु नाहींशी झाली. क्रॅम्प्टन १९५६ सालीं वारला. हें पाहण्याचें त्याच्या नशिबीं आलें नाहीं.

१९९० नंतर रायातेआ बेटाचीही तीच गत झाली. तेथें पार्टुलाच्या तीसहून अधिक जाती होत्या. या बेटांवर बायका त्या शंखांच्या माळा गुंफीत; आलेल्या पाहुण्याच्या गळ्यांत घालीत. रानांत जिवंत गोगलगाय उरली नाहीं, तसे माळेचे शंखही संपले. शास्त्रज्ञांच्या नुकसानीची नोंद ग्रंथांत झाली आहे. माळ गुंफणाऱ्यांच्या नुकसानीची नोंद त्या मानानें फार थोडी.

हवाईची कथा याहून निराळी नाहीं. तेथें जमिनीवरील गोगलगायींच्या साडेसातशेंहून अधिक जाती होत्या. त्यांतल्या बहुसंख्य गेल्या. झाडांवरच्या गोगलगायी रात्रीं गातात, अशी त्या लोकांची जुनी समजूत. ऐकूं येणारा आवाज रातकिड्यांचा असावा, असें शास्त्र म्हणतें; पण आतां रातकिडे गात असले तरी ज्यांच्या नांवावर तें गाणें होतें, त्या नाहींत. १७८७ सालीं कॅप्टन डिक्सन याला तेथें शंखांची एक माळ मिळाली होती. त्या माळेंतल्या शंखावरून ज्या जातीचें नांव ठेवलें गेलें, तिच्यांतली शेवटची गोगलगाय १ जानेवारी २०१९ रोजीं ओआहूवर एका कांचेच्या पेटींत मेली. चौदा वर्षें ती जगली. तिला तिच्या राखणदारांनीं जॉर्ज असें नांव दिलें होतें.

मूरिआच्या जाती नाममात्र वांचल्या, त्या प्रयोगशाळेमुळें. ज्या पार्टुला वारशाच्या प्रयोगांसाठीं नॉटिंगहॅम, व्हर्जिनिया आणि पर्थ येथें नेल्या होत्या, आणि अखेरच्या धांदलींत ज्या आणखी उचलून आणल्या, तेवढ्याच पृथ्वीवर शिल्लक राहिल्या. त्यांना लंडन, जर्सी, एडिंबरो आदि ठिकाणच्या प्राणिसंग्रहालयांत आसरा मिळाला. एकेक जात म्हणजे जेवणाच्या डब्याएवढ्या कांहीं पेट्या. आंत ओला कागद, आणि ओट, गवताची पूड व समुद्रफेन यांची लापशी. सिंहाच्या पिंजऱ्यापुढें गर्दी होते. या डब्यांपुढें कोणी थांबत नसे. आणि डब्यांतही मरण चुकलें नाहीं. रायातेआची एक जात एका सूक्ष्म परोपजीवी जंतूनें संपविली. तिची शेवटची गोगलगाय जानेवारी १९९६ मध्यें लंडनला मेली. दुसरी एक जात अशी कीं जिचे शंख १७६९ सालीं कॅप्टन कुकच्या सफरींत प्रथम युरोपला गेले होते. ती २०१६ सालीं एडिंबरोस संपली. आसरा दिला म्हणजे जीव वांचला, असें नाहीं.

घरीं परतविण्याचा पहिला प्रयत्न १९९४ सालीं झाला. मूरिआवर रानाचा एक लहानसा तुकडा मीठ आणि विजेच्या तारा यांनीं कुंपण घालून राखला, आणि त्यांत पार्टुला सोडल्या. पण रानांत फांदी पडते, पालवी वाढते, आणि कुंपणावर पूल तयार होतो. शिकारीण आंत शिरली.

आशेचा धागा मिळाला, तो ताहितीवर. तेथें पांढऱ्या शंखाची एक जात अनेक दऱ्यांत टिकून राहिली होती. ती रानाच्या कडेला, जेथें ऊन पडतें अशा पानांवर राहते. पांढऱ्या शंखामुळें ऊन परतून जातें आणि तिला तें सोसतें. गडद शंखाच्या शिकारिणीला सोसत नाहीं, असा तर्क होता. तो पडताळण्यासाठीं कांहीं अमेरिकन संशोधकांनीं तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशीं गणनयंत्रें तयार केलेलीं वापरलीं. शिकारिणीच्या पाठीवर तीं चिकटविलीं, आणि पार्टुला जेथें झोपते त्या पानांवर बसविलीं. पार्टुलाच्या जागेवर शिकारिणीच्या जागेहून सरासरीनें दसपट ऊन पडतें, असें २०२१ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें. जगांत जो उजेड सर्वांनाच मिळतो, तोच या एका जातीची तटबंदी ठरला.

दरम्यान भक्ष्य संपल्यावर शिकारिणींची संख्याही घटत गेली. धोका मात्र संपला नाहीं. न्यू गिनीचा एक चपटा कृमी आतां त्या बेटांवर येऊन पोहोंचला आहे, आणि तोही गोगलगायींवरच जगतो. ग्वामवर राक्षसिणींना खाणारा म्हणून त्याची वाहवा झाली होती. फिलिपाइन्समध्यें तर १९८१ सालीं त्याला मुद्दाम नेण्यांत आलें. हवाईंत १९५५ सालीं घातलेला धडा पंचवीस वर्षांनींही पुरता वाचला गेला नव्हता.

२०१५ सालापासून ताहिती, मूरिआ आणि रायातेआ येथें डब्यांत वाढलेल्या पार्टुला दरवर्षीं रानांत सोडण्यांत येत आहेत. विमानानें निम्म्या पृथ्वीचा प्रवास करून त्या आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या दरींत उतरतात. प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा एक बारीक ठिपका दिलेला असतो. रात्रीं जांभळ्या अदृश्य किरणांच्या विजेरीखालीं तो ठिपका चमकतो, आणि कोणती जगली, कोठवर गेली, हें कळतें. शोधणारा माणूस अंधारांत, पावसानें निथळत्या झाडीखालीं उभा राहून विजेरी हळूहळू पानांवरून फिरवितो. क्रॅम्प्टन जें काम दिवसा करी, तेंच हें काम आहे. एकेक पान उलटून पाहण्याला दुसरा उपाय अजून निघालेला नाहीं.

२०२४ सालीं मूरिआच्या रानांत अशाच शोधांत एक पूर्ण वाढलेली पार्टुला सांपडली. तिच्या शंखावर ठिपका नव्हता. म्हणजे ती डब्यांत वाढलेली नव्हती. त्याच रानांत, कोणत्या तरी पानाखालीं तिचा जन्म झाला होता.